शेवटचा पत्ता

एकमेकांशी बोलायच्या कानातल्या चिपांसाठी घेतलेल्या चौसष्ट नेटवर्क-पत्त्यांत इमारतीतली चौसष्ट माणसं बसवली, की सोसायटीचा जास्त पत्त्यांच्या मोठ्या पट्ट्याचा खर्च वाचणार होता आणि ठोसरांची सेक्रेटरीची खुर्ची पक्की होणार होती.

"साहेब, पहिला पत्ता इमारतीचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ते माणसांना देत नाहीत," नेटवर्कवाला म्हणाला.

"मोठा पट्टा गळ्यात मारायचे धंदे कळतात हो मला!" म्हणत ठोसरांनी शेवटचा पत्ता स्वतःच घेतला.

संध्याकाळी त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर दिलेली त्यांची लेक वेदवती चिपवर कुजबुजली, "बाबा, सासूबाई भजनाला गेल्या की बाळाला घेऊन कायमची निघते. कुणाला बोलू नका."

ठोसरांच्या पत्त्यावर पाठवलेलं ते इमारतीतल्या प्रत्येक कानात पोचलं. ठोसर धापा टाकत वर गेले, तोवर सासूबाईंनी भजनाला जाणं रद्द करून दाराला आतून कडी घातली होती.

सोसायटीचा खर्च वाचला, ठोसरांची खुर्ची टिकली. भरपाई वेदवतीने केली.