एकवीस फरारी

आणीबाणीतल्या एका पंचनाम्यानुसार, नाते गावातील झकेरिया झटाम या वाहतूक कंपनीतल्या कारकुनाच्या घरी एका गुप्त संघटनेच्या एकवीस सदस्यांची यादी सापडली. तीत प्रत्येकाचा गणवेश व कामगिरी नोंदलेली असून, सर्वजण फरारी आहेत.

या विधानातला एकच भाग खरा आहे: यादी सापडली. कुवेतहून मेहुण्याने पाठवलेले सुपरहिरोंचे प्लास्टिकचे बाहुले झकेरिया फळीवर मांडून ठेवत असे. जे बाहुले त्याला हवे होते, पण जगातल्या कोणत्याही कारखान्याने अजून घडवलेलेच नव्हते, त्यांची ती यादी होती. पंच म्हणून बोलावलेल्या दोघा शेजाऱ्यांनी त्याचे घर त्या दिवशी प्रथमच आतून पाहिले.

"हा सावित्रीचा पूर अडवणारा कुठं राहतो?" फौजदाराने विचारले.

"तो अजून बनवला नाय, साहेब."

"कोण बनवणार?"

"परदेशातली कंपनी."

"लिहा हवालदार, परकीय हात."

एकविसाव्या नावाखाली लाल रेघ होती आणि पुढे कामगिरी लिहिलेली होती: 'न बोलावता येऊन बसणे.' हाच म्होरक्या, असे फौजदाराने ठरवले आणि याला तू भेटणार होतास का, असे तीनदा विचारले. आरोपीची कबुली जबाबात शब्दशः नोंदलेली आहे:



"होय साहेब, त्याची मी वाट बघत होतो. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा वाटलं, तोच आला."