तेल बदलायचं निमित्त

लग्नाच्या साड्या घ्यायला मेहुण्या येऊन धडकल्या, तसा सर्जेराव अंगणातल्या ट्रकखाली शिरला. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलतोय, आज मला जमायचं नाही," त्याने खालूनच बायकोला सांगितलं.

जुनं काळपट तेल घमेल्यात उतरलं, नवं भरूनही झालं. तरी तो नुसताच पाना वाजवत राहिला. थोड्या वेळाने त्याचा साडूही मदतीच्या नावाखाली सरपटत आत आला. दोघं तोंड दाबून हसले आणि सावलीत ऐसपैस पसरले.

एवढ्यात चाकाशेजारून बायको डोकावली. "झालं का तेल?"

"झालं की!" साडू बोलून गेला. सर्जेरावाने त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"मग ट्रकनेच जाऊ. ऑटोमॅटिक आहे, मीच चालवते. तुम्ही दोघं मागे हौद्यात बसा, पिशव्या सांभाळायला."