रुंद चाकं

शेवटचा नट आवळून रुद्रप्पानं जॅक खाली घेतला. पाना कापडाला पुसत तो म्हणाला, "अमरभैय्या, एकदा स्टेअरिंग पुरं वळवा बरं."

जीपमध्ये बसलेल्या अमरसिंहानं स्टेअरिंग वळवलं. डाव्या मडगार्डातून खरखर आवाज आला.

"घासतंय," रुद्रप्पा म्हणाला. "ही चाकं या गाडीची न्हाईत, लई रुंद हायेत. आतला पत्रा थोडा कापू द्या. न्हाईतर कडेनं टायर सोलत जाईल."

"नव्या गाडीला कात्री लावतो का बे?" अमरसिंह हसला.

बाजूला उभ्या आश्रुबालाही पत्रा कापणं रुचलं नाही. अमरसिंहाचे वडील मोहनराव यांच्याकडं तो ड्रायव्हर होता, आणि अमरसिंहाला त्यानं लहानपणी कडेवर खेळवलं होतं. ही चकचकीत मॅग व्हील मुंबईहून आली, तेव्हापासून त्याचा जीव त्यांच्यात अडकला होता. जीप आता कशी पैलवानासारखी दिसत होती! "भैय्या म्हणत्यात तर राहू दे, रुद्रप्पा," तो म्हणाला.

अमरसिंहाच्या मित्रानं दुबईहून टायरच्या व्हॉल्व्हवर बसवायच्या चार टोप्या आणल्या होत्या. रुद्रप्पानं त्याही बसवल्या. हवा भरपूर असली की टोपीत हिरवं दिसायचं, उतरली की पिवळं.

"अन् लाल दिसलं की जागच्या जागी थांबायचं," अमरसिंह रुबाबात म्हणाला. "आता हवा बघायला तुजी गरज न्हाई, रुद्रप्पा."

अंबाजोगाईहून युसूफ वडगावला परतताना आश्रुबानं वळणावळणाला गाडी हळू केली. खरखर ऐकू आली की तो मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

त्या आठवड्यात गावातली माणसं जीप बघायला येऊन गेली. आश्रुबा रोज सकाळी चाकं पुसायचा आणि टोप्या बघायचा. चारही हिरव्या.

मग एका सकाळी अमरसिंह स्वतःच जीप घेऊन केजला गेला. जिल्हा परिषदेच्या तिकिटाचं चाललं होतं, चार लोकांत गाडी दिसायला हवी होती. आश्रुबाला मोकळा वेळ मिळाला. तो अंगणातल्या लिंबाखाली बसून राहिला.

दुपारी मोहनरावांनी त्याला आत बोलावलं. बैठकीत. इतक्या वर्षांत तो तिथं कधी बसला नव्हता.

"बस, आश्रुबा. खाली नको, खुर्चीवर बस."

तो कडेला टेकला. विमलबाईंनी चहा आणला. ड्रायव्हरचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आज घरातली कपबशी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडं न बघता आत गेल्या.

"केजच्या रस्त्याला जीपचा टायर फुटला," मोहनराव म्हणाले. "चहाला थांबलं तवा टोपी लाल झालती म्हणं. तरी पोरानं तशीच दामटली. एक माणूस गेला."

"आन् भैय्या?"

"त्याला खरचटलंबी न्हाई. वर खोलीत पडलाय. कुणी बघायच्या आत पायी निघून आला."

आश्रुबानं सुटकेचा श्वास टाकला. मग त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"असंल कुणी वाटसरू. ओळख पटायचीय." मोहनराव खिडकीबाहेर बघत होते. "आश्रुबा, पोराचं तिकीट आलंय तोंडाशी. केस झाली तर सगळं मातीत. तू ड्रायव्हर हायेस. टायर फुटला, गाडी हातातनं सुटली, एवढंच सांगायचं. ड्रायव्हरला कोण धरून ठेवतंय? वकील माझा, जामीन माझा."

आश्रुबानं कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली.

"सुग्रीवचं काय करायचं ते मी बघतो," मोहनराव हळूच म्हणाले.

आश्रुबानं मान वर केली. सुग्रीव त्याचा एकुलता एक मुलगा. बी.एड. होऊन मोहनरावांच्याच शाळेत दोन वर्षं बिनपगारी शिकवत होता. दर जूनला कायम होण्याची आशा, दर दिवाळीला निराशा. अलीकडं तो बापाशी धड बोलतही नव्हता. "तुमी त्यांची चाकं पुसत बसा," एवढंच म्हणायचा.

"कायम करता?"

"केलं समज."

"शब्द द्या, मालक."

मोहनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नजर खिडकीबाहेरच होती. "दिला."

मोहनरावांच्या मेव्हण्यानं त्याला मोटरसायकलवर ठाण्यात नेलं. वाटेत शाळा लागली. मुलं एका सुरात कविता म्हणत होती. यातल्याच कुठल्या वर्गात सुग्रीव उभा असेल, आश्रुबाला वाटलं. क्षणभर थांबून त्याला बाहेर बोलवावं, सांगावं, की बाप नुसती चाकंच पुसत नव्हता बरं का. पण मेव्हण्याला घाई होती.

ठाण्यात हवालदारानं त्याला दाराआडच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "जीपवर तुमीच होता?"

"मीच."

"दुसरं कोणी?"

"कुणी न्हाई. टायर फुटला, पर चूक माझीच. मी थांबाया पायजे होतं." सांगताना आश्रुबाचा आवाज मुळीच कापला नाही. कागदावर अंगठा उमटवला, तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. गावातली आठ-दहा माणसं फाटकातून आत आली आणि त्यांच्या पुढं, पदर सुटलेली, अनवाणी, छबुबाई. त्याची बायको. आपल्याला धरल्याचं हिला इतक्यात कोणी सांगितलं? आश्रुबा तिची समजूत घालायला उठला. सुग्रीवचं काम झालं, ही गोष्ट आधी सांगायची, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण छबुबाईला दाराआडचा नवरा दिसलाच नाही. तिनं हवालदाराच्या टेबलावर दोन्ही हात आपटले.

"माझ्या सुग्रीवला चिरडलं! मी बघून आले त्याला, दवाखान्यात पांढऱ्या कापडाखाली! त्या जीपवर कोण होतं? मला त्याचं तोंड दावा!"

हवालदारानं तिच्या मागं, दाराआडच्या बाकाकडं बोट दाखवलं.