गुळव्याची हाक

"गुंड्या, बूड टेक की लेका एका जागी!" आक्का पुन्हा ओरडली. गुंडू ऐकेना. वॉर्डाच्या खिडकीपर्यंत जायचा, बाहेर बघायचा, परत यायचा. पुन्हा खिडकी.

आक्का त्याची थोरली बहीण. शिरोळहून सकाळच्या एसटीनं आली होती, भावाला घरी न्यायला. गुंडू चाळिशीला टेकला होता, पण समज लहान पोराएवढीच. गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं सारायचं काम मात्र त्यानंच करावं. चुलता आकारामतात्या तिथला गुळव्या, रस कढवून गूळ उतरवणारा. तात्यानं "जाळ घाल" म्हणायचं आणि गुंडूनं घालायचा, एवढंच त्याचं जग. तात्या वारला, गुऱ्हाळ बंद पडलं, पण ती हाक गुंडूच्या कानात चालूच राहिली. एका दुपारी त्या हाकेसरशी त्यानं शेजाऱ्याची वैरणीची गंजी पेटवली. गोठ्यातल्या म्हशी होरपळून मेल्या. मग गावानं उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी खुळा म्हणालं, कुणी बेरकी. कोर्टानं त्याला तुरुंगाऐवजी इथं, वेड्यांच्या इस्पितळात उपचाराला धाडलं, हेच नशीब म्हणायचं.

डॉक्टर पूर्णिमा आज खुशीत होत्या. गोळ्या लागू पडल्या होत्या. त्यांनी तसं लिहून दिलं की कोर्ट गुंडूला घरी सोडणार होतं.

"गुंडू, तात्या अजून हाक मारतात?"

"न्हाईत."

"खरं सांग हं."

"खरंच की! गोळी खायला लागलो तवापासनं गप हाईत."

आक्कानं डोळ्याला पदर लावला. किती दिवसांनी तिला सुखाचं रडू येत होतं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

गुंडू परत खिडकीशी गेला. खाली झाडलोट करणाऱ्यानं वाळका पाला गोळा करून ठेवला होता. गुंडू त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. गोळ्यांनीही काहींना अशी तगमग होते, हे डॉक्टरांना माहीत होतं. तरी त्यांनी सहज विचारलं, "मग आता या येरझाऱ्या कशाला? घरची ओढ लागली काय?"

गुंडू वळला. एवढी साधी गोष्ट या बाईंना कळू नये, याचं त्याला नवल वाटलं.

"चुलवाण सोडून कुणी बसतंय व्हय? गुळव्यानं सांगितल्याबिगर जाळ बंद करायचा नसतोय. तात्या गप झालं, पर थांब म्हणालंच न्हाईत."