यूजीनच्या शिव्या

ओहायोत हिवाळ्यात बेसबॉल नसतो, नुसती खेळाडूंची खरेदी-विक्री असते. आणि रोज संध्याकाळी माझ्या रेडिओ कार्यक्रमात फोन करून डोकं खायला यूजीन असतो.

“चांगला पिचर विकला, गुडघे गेलेला म्हातारा आणला! या भिकारड्या मालकाला बेसबॉल कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?”

बायको गेल्यापासून त्याचा आवाज आणखीच चढला होता.

आज तर संघानं त्याचा लाडका कॅचरच विकला. मी कान झाकूनच फोन घेतला.

“बरं केलं,” यूजीन शांतपणे म्हणाला. “माझं काही म्हणणं नाही. तू कार्यक्रम छान करतोस रे, वेस.”

काचेपलीकडे फोन सांभाळणाऱ्या रीटाला मी पोलिसांना ताबडतोब त्याच्या घरी पाठवायची खूण केली आणि माईकवर ओरडलो, “यूजीन, फोन ठेवू नकोस! अरे, एक तरी शिवी घाल!”