मैनाबाईचे पाय

भूपेश इंग्लंडात हृदयरोगतज्ज्ञ. दर रविवारी तो मुलचेऱ्याजवळच्या गावी आईला व्हिडिओ कॉल करायचा. मुलांच्या परीक्षा, बायकोच्या ड्युट्या सांगण्यातच अर्धा कॉल संपायचा.

एकदा आई म्हणाली, "बाबू, शेजारच्या मैनाबाईचे पाय सुजून राह्यले. पाहतं का जरा?"

तिनं फोन खाली धरला. टम्म सुजलेली पावलं दिसली. उजव्या पावलावर गोंदलेला विंचू सुजेनं ताणला होता.

"बोटानं दाब बरं."

आईनं दाबलं. पडलेला खड्डा भरून येईना.

"आई, हे हार्टचं दिसते. तिच्या घरच्याइले सांग, उद्याच चंद्रपूरले न्या."

"सांगतो. तू जेवला का?"

पुढच्या रविवारी मैनाबाईचं विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या पुढच्याही.

उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला तो कितीतरी वर्षांनी गावी आला. अंगणात आई खाटेवर बसली होती. पाया पडायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

 

विंचवावर लुगडं ओढत आई म्हणाली, "ऊठ ना बाबू, प्रवासातून थकून आला असशील."