काचेवरची टिकली

चार महिन्यांनी घरी आलो, तर आईच्या फोनच्या काचेवर लाल मखमली टिकली चिकटवलेली. “आरसा समजलीस काय याला?” म्हणत मी हसत ती नखानं खरवडून काढली.

दिवाळीत मीच तिला हा पहिला स्मार्टफोन दिला होता. जुन्या फोनची झिजलेली बटणं मला बघवत नव्हती. नव्याच्या पडद्यावर मी माझा फोटो ठेवला. त्याला बोट लावलं की मला फोन लागायचा. ती रोज न चुकता फोन करायची. मी नातीचे फोटो पाठवायचो आणि “पाहिलेस ना?” असं विचारलं की म्हणायची, “पाहिले की! अगदी तुझ्यावर गेलीय.”

आता तिनं फोन हातात घेतला. पाण्यात पडलेलं काही चाचपावं तसं तिचं बोट त्या गुळगुळीत काचेवर फिरत राहिलं.

“काढलीस होय रे? शेजारच्या कुमुदनं तुझ्या फोटोवर लावून दिली होती. जुन्या फोनला पाचाच्या बटणावर उंचवटा होता, तिथून मोजत तुझ्यापर्यंत यायचे. ह्याला हाताला काही लागतच नाही.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीशी बोलत होती.

“आई, कधीपासून?”

“ते राहू दे,” ती म्हणाली. “आधी टिकली लाव जागेवर. उद्या तू गेलास की कुठं शोधू तुला?”